सेन्सर बदलायच्या आधी कपलर बघा

प्रश्न : सर नमस्कार. माझी गाडी पेट्रोल आहे, दीड लीटरचं इंजिन. पिकअप जरा कमी वाटत होता म्हणून घरीच एअर फ्लो सेन्सर काढून साफ केला. घरात कार्ब क्लीनरचा स्प्रे होता तोच मारला आणि कापूस लावलेल्या काडीने आतून हलकं पुसून घेतलं. परत बसवताना कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, जात नव्हता, थोडा जोर लावला तेव्हा गेला. तेव्हापासून चेक इंजिन लाइट लागलीय, गाडी स्टार्ट होते पण आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, थरथरते, अॅक्सिलरेटर एकदम दाबला की बंद पडते. स्कॅनर लावला तर दोन कोड आले, पी०१०२ आणि पी०११३. एका मित्राने सांगितलं की सेन्सरचा कपलर काढून चालवून बघ, तसंही केलं, काडीचाही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर जळालाय, नवीन टाका. टाकू का?

उत्तर : थांबा, इतक्यात नका टाकू. तुम्ही दोन्ही कोड लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण सगळं त्या जोडीतच आहे. पी०१०२ म्हणजे हवेच्या सेन्सरकडून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सिग्नल फारच कमी येतोय किंवा येतच नाहीये. पी०११३ मात्र वेगळ्याच सेन्सरचा कोड आहे, आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या, त्याचं सर्किट कुठेतरी तुटलंय असं तो सांगतो. आता बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही सेन्सर एकाच प्लास्टिकच्या बॉडीत असतात आणि पाच वायरींच्या एकाच कपलरमधून जातात, तुमचीही तशीच असणार. दोन वेगवेगळे सेन्सर एकाच दिवशी, एकाच वेळी जळतील का? जळू शकतात, पण दोघांचा कपलर एक आहे आणि तोच तुम्ही जोर लावून बसवलाय, मग आधी संशय तिथेच घ्यायला हवा ना.

मित्राने सांगितलेली टेस्ट चांगली आहे पण तुमच्या केसमध्ये ती काही सांगत नाही. सिग्नल मिळत नाही हे कळल्यावर ईसीयू त्या सेन्सरचा नाद सोडतो आणि थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय, आरपीएम किती आहे यावरून अंदाजाने पेट्रोल देतो. तुमची गाडी कोड आल्यापासून अंदाजावरच चाललीय, मग कपलर काढला काय अन् ठेवला काय, फरक कुठून पडणार. ही टेस्ट कामाची तेव्हा, जेव्हा सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय पण कोड आलेला नाही. तेव्हा कपलर काढल्यावर गाडी सुधारली तर सेन्सरवर बोट ठेवता येतं.

आता काय करायचं ते सांगतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा आणि इनटेक एअर टेम्परेचर बघा. तिथे उणे ४० दाखवत असेल तर ती थंडी नाही, वायर तुटल्यावर किंवा पिन न टेकल्यावर बहुतेक गाड्यांत हाच आकडा दिसतो. मग इग्निशन बंद करा, कपलर काढा, टॉर्चच्या उजेडात सेन्सरच्या बाजूच्या पिना बघा, एखादी वाकलीय का, आडवी झोपलीय का. मग कपलरच्या आतली बाजू बघा, एखादं टर्मिनल बाकीच्यांपेक्षा मागे सरकलेलं दिसतं का, जोर लावला की असं होतं आणि बाहेरून कपलर एकदम ओके दिसतो. आतला रबर सील दुमडला असेल तरी लॉक बसत नाही. वाकलेली पिन बारीक चिमट्याने एकदाच, हळू सरळ करा, परत परत मागेपुढे केली तर तुटेल आणि मग खरंच सेन्सर बदलावा लागेल. बसवताना लॉकचा टक् आवाज आला पाहिजे. नंतर इग्निशन ऑन करून वायरी हलक्या हलवत तापमानाचा आकडा बघत राहा, हलवल्यावर उड्या मारत असेल तर वायर आतून तुटलेली आहे.

पिना ठीक निघाल्या तर मल्टिमीटर घ्या. इग्निशन ऑन असताना कपलरच्या पॉवर वायरवर बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा आणि ग्राउंड पक्का हवा. कोणती वायर कशाची हे गाडीच्या वायरिंग डायग्रामवरूनच बघा, अंदाजाने प्रोब लावू नका.

आता सफाईचं, यावर जरा जास्त बोलतो कारण हे बऱ्याच जणांकडून होतं. या सेन्सरमध्ये एक बारीक तार किंवा फिल्म असते, ती ठरावीक तापमानाला गरम ठेवलेली असते, जाणारी हवा तिला थंड करते आणि परत गरम करायला किती करंट लागला त्यावरून हवेचं वजन काढतात. म्हणजे तारेवर कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी ती पूर्ण थंड होत नाही आणि हवा कमी मोजली जाते. कार्ब क्लीनर आणि ब्रेक क्लीनर या कामाचे नाहीत, मागे थर राहू शकतो, प्लास्टिक आणि कोटिंगलाही त्रास होतो. एमएएफ, म्हणजे याच एअर फ्लो सेन्सरचा क्लीनर म्हणून वेगळा स्प्रे मिळतो, तोच वापरा, तारेला हात, कापूस, ब्रश काही लावू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, निदान अर्धा तास आपोआप वाळू द्या आणि मगच कपलर लावा. सेन्सर अख्ख्या नळीसकट काढला असेल तर त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेला आहे ना तेही बघा.

हे सगळं झाल्यावर कोड पुसा, इंजिन गरम करा, एसी बंद ठेवून आयडलला रीडिंग घ्या. दीड लीटरच्या इंजिनला सेकंदाला साधारण २ ते ३ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं आणि रेस वाढवली की न अडखळता वर जायला हवं. कपलर पक्का, पॉवर-ग्राउंड ओके, वायरी सलग आणि तरीही पी०१०२ परत आला, तर मेकॅनिकचं बरोबर आहे, सेन्सर बदला.

प्रश्न : मी फक्त एअर फिल्टर बदलला, सेन्सरला हातही लावला नाही. दोन दिवसांनी पी०१७१ आला. फिल्टरमुळे होतं का?

उत्तर : फिल्टर बदलताना जे हललं त्यामुळे होतं. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. बहुतेक वेळा सेन्सरच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि इंजिनच्या मध्ये कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असते. घडीच्या रबर होजच्या घड्या ताणून बघा, चीर तिथेच लपते, दोन्ही टोकांचे क्लॅम्प बघा आणि क्रँककेसमधून येणारी बारीक नळी निसटलीय का बघा. फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं तर धूळ आत जाते, ते वाईटच आहे, पण ती हवा सेन्सरमधूनच जाते म्हणून लीनचा कोड सहसा त्याने येत नाही.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला अधिक १५-२० टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे येत असेल तर लीकेज, कारण आयडलला इंजिन हवा घेतंच थोडी, त्यात चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर वाढत असेल तर सेन्सर कमी मोजतोय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे. आणि कृपा करून लीक शोधायला गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारू नका, आग लागते. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, त्यात धूर सोडून लीक शोधतात.

प्रश्न : मला माझ्या गाडीत हा सेन्सर सापडतच नाहीये, कुठे असतो?

उत्तर : एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या नळीवर. तिथे नसेल तर बहुधा तुमच्या गाडीत तो नाहीच, अनेक पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डवरच्या (इंजिनला हवा वाटणाऱ्या नळ्यांवरच्या) मॅप सेन्सरने दाब मोजून हवेचा हिशोब करतात. कोड काय येतोय ते कळवा, मग पुढचं सांगतो.