हाताने बनवलेले चुंबकीय बॉटल ओपनर विकायचे आहेत, सुरुवात कशी करू?

तुम्हाला भिंतीवर लावायचे, उघडलेलं बूच स्वतःच झेलणारे लाकडी ओपनर बनवून विकायचे आहेत, आणि चुंबक कोणतं घ्यावं व किंमत कशी धरावी हे तुम्ही विचारलंय. गेली चार वर्षं मी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चुंबकाचं बघू, कारण या वस्तूचा जीव त्यातच आहे. ओपनरचा धातूचा भाग तयार मिळतो, फळी कोणीही रंधून देईल. पण बूच निघाल्या निघाल्या खाली न पडता 'टक्' करून फळीला चिकटतं, आणि चिकटवणारं तर काहीच दिसत नाही. लोक पैसे मोजतात ते त्या क्षणासाठी. विल्यम पेंटर यांनी 1892 साली अमेरिकेत पेटंट घेतलेलं हे दातेरी बूच आजही पत्र्याचंच असतं. तेव्हा त्याला 24 दाते होते, आता 21 असतात. पत्रा पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ, वजन दोनेक ग्रॅम. एवढ्याशा वजनाला कसलंही चुंबक पुरेल असं वाटतं.

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या खेपेला, चुंबक बसवायला फळीच्या मागून पाडलेलं भोक आरपार जाईल या भीतीने मी पुढच्या बाजूला 5 मिलिमीटर लाकूड राखलं. हाताने बूच लावून पाहिलं, छान चिकटलं. विकलेल्या फळ्यांच्या तक्रारी मात्र आठवड्यातच आल्या: बुचं पडतात. हाताने टेकवलेलं बूच आणि गिरक्या घेत खाली येणारं बूच यांत फार फरक आहे. पडणारं बूच कडेवर आपटतं, त्याला वेग असतो, आणि चुंबकाची ओढ अंतर वाढेल तशी झपाट्याने कमी होते. मी सगळ्या फळ्या बदलून दिल्या. तेव्हापासून पुढे 2 मिलिमीटरच लाकूड ठेवते. चुंबक जाड घेण्यापेक्षा रुंद घ्या. पातळ पत्र्यात ठरावीकच जोर मुरतो, रुंद चकती मात्र जास्त जागेत झेलते. निओडिमियमचंच, म्हणजे लहान पण फार जोरदार असतं ते चुंबक घ्या, साधं काळं फेराइट इथे कमी पडतं.

2 मिलिमीटर राखायचे तर लाकूड कठीण हवं, नाहीतर तो पापुद्रा दबतो किंवा चिरतो. सपाट तळाच्या भोकासाठी फोर्स्टनर बिट वापराल, तेव्हा त्याच्या मधल्या टोकाकडे लक्ष ठेवा. तळ अजून वर असतानाच ते टोक पुढून बाहेर येतं आणि तयार फळीच्या तोंडावर बारीक छिद्र पाडतं. मी शेवटचे काही मिलिमीटर टोक घासून काढलेल्या दुसऱ्या बिटने काढते, तेही ड्रिल स्टँडला खोलीचा अडसर लावूनच.

चिकटवायला दोन भाग मिसळायचं एपॉक्सी घ्या. ते ओलं असताना शेजारी दुसरं चुंबक किंवा लोखंडी अवजार ठेवू नका. माझ्या डोळ्यांदेखत चुंबक भोकातून उडी मारून शेजारच्या फळीतल्या चुंबकावर जाऊन आदळलंय आणि त्याचा कपचा उडालाय. निओडिमियम ठिसूळ असतं, कपचे डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून चष्मा घालूनच काम करा. साध्या ग्रेडचं चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या वर जोर गमावतं, तेव्हा वाळवायची घाई म्हणून हीटगन लावू नका. आणि फळीला जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा.

चुंबक कुठे बसवायचं हे अंदाजाने ठरवू नका. ओपनरच्या प्रत्येक घडणीत बूच वेगळ्या वाटेने पडतं. नमुन्याच्या फळीला मागून चुंबक चिकटपट्टीने लावा, पंधरा-वीस बाटल्या उघडा आणि बूच जिथे टेकतं तिथे पेन्सिलीने खूण करा. खुणांचा पुंजका जमेल तोच मध्य.

फ्रिजला चिकटणारे ओपनरही अनेकजण मागतात. दारावर लावूनच बाटली उघडायची असा प्रकार मी बनवत नाही. चुंबक सरळ ओढून काढायला जो जोर लागतो, त्याच्या बऱ्याच कमी जोरात ते खाली घसरतं आणि दारावर ओरखडे पडतात. हातात धरून वापरायचा आणि नंतर फ्रिजवर अडकवून ठेवायचा, असा बनवला तर उत्तम चालतो. मागे पातळ रबर लावा.

किंमत ठरवताना बहुतेकजण लाकूड, चुंबक, स्क्रू यांची बेरीज करून त्यावर थोडं चढवतात आणि तिथेच फसतात. एक फळी बनवताना घड्याळ लावा. घासण्यापासून फोटो, गिऱ्हाइकाला उत्तरं, खोका बांधणं, सगळा वेळ धरा. मी मोजलं तेव्हा निम्मा वेळ लाकडाला हात न लावताच गेला होता. वाया गेलेल्या फळ्याही त्यातच मोजा. मग विचारा, दुकानदाराने यातला निम्मा वाटा मागितला तर मला परवडेल का? नसेल परवडत, तर आज थेट विकतानाही किंमत कमीच आहे. नंतर वाढवणं फार जड जातं.

विक्रीसाठी फोटोपेक्षा दहा सेकंदांचा व्हिडिओ कामाचा, आवाजासकट. प्रदर्शनात टेबलावर वाटीभर बुचं ठेवा आणि लोकांना फळीवर टाकू द्या. मुलं आधी येतात, मागून आईवडील. लहानांच्या हाती सुटं चुंबक मात्र लागता कामा नये. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून भोक पाडू शकतात. म्हणून मागचं भोकही लाकडी चकतीने कायमचं बंद करा, नुसत्या गोंदावर सोडू नका. सोबतच्या कागदावर लिहा की पेसमेकर असलेल्यांनी ही फळी छातीपासून किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवावी.

पार्सल विमानाने जाणार असेल तर कुरिअरला चुंबक असल्याचं आधीच सांगा, कारण विमानात चुंबकीय मालाच्या क्षेत्रावर मर्यादा असते. दोन फळ्या एकत्र पाठवताना चुंबकं एकमेकांपासून लांब राहतील अशा उलटसुलट ठेवा आणि मध्ये जाड पुठ्ठा घाला. भिंतीचे स्क्रू वेगळ्या पुडीत बांधा. मी ते एकदा सुटे टाकले होते, सगळे फळीला चिकटून गेले आणि पॉलिशवर ओरखडे घेऊनच ती गिऱ्हाइकाकडे पोचली.