फोटोंसाठी पहिला मॉनिटर घेताना

हर्णैचा मासळीचा लिलाव, पावसाळ्यातली भातखाचरं असे फोटो काढताय, तर मॉनिटरवर खर्च करणं रास्तच आहे.

आधी पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार बघा. आयपीएसच घ्या, त्यात बाजूनेही रंग फारसा बदलत नाही. स्वस्त टीएन पॅनेलवर मान जरा हलली की रंग बदलतो, मग भाताचा खरा हिरवा कुठला ते कळत नाही. एसआरजीबी (फोटो आणि वेबसाठीचा रंगांचा प्रमाण संच) ९९-१०० टक्के असं लिहिलेलं हवं. २४ इंची, १९२० बाय १०८० पिक्सेल पुरे. वक्र पडदा आणि गेमिंगचे दिवे यांवर पैसे घालू नका.

नवख्यांची खरी चूक पुढे होते: ब्राइटनेस. मॉनिटर कारखान्यातून भगभगीत येतो. त्यावर बेतलेल्या फोटोची प्रिंट काळपट निघते आणि बोल लॅबला लागतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी साधा कागद धरा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्राप्रमाणे उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद ठेवा. पडदा खिडकीसमोर नको; समुद्राकडचा दुपारचा उजेड सगळे अंदाज चुकवतो.

आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून छोटा यूपीएस घ्याच.

कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र), दहा बिट (जास्त रंगछटा दाखवणारा पडदा) वगैरे सध्या सोडा. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःचे दोन-तीन फोटो न्या आणि बाजूनेही बघा.