धातूचं जड मॉडेल: आधी तार, मग गोंद
तुझ्या धातूच्या ड्रॅगन-मॉडेलचे चिकटवलेले पंख पुन्हा निखळले, यात तुझ्या हाताचा दोष नाही. एवढं वजन नुसत्या फेव्हिक्विकवर टाकायचंच नसतं. तो वाळला की ठिसूळ होतो, जरा धक्का बसला की सुटतो. पंखाला आतून तार हवीच.

पुण्यात बोहरी आळीत एक मिलिमीटरचं ड्रिल बिट, ते धरून हाताने फिरवायला पिन व्हाइस आणि तेवढ्याच जाडीची पितळी तार मिळते का बघ. आधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने घासून धू, साच्याचा तेलकट थर राहिला तर काहीच नीट चिकटत नाही. मग पंखात चार-पाच मिलिमीटर भोक पाड. ड्रिल हळू फिरव. धातू मऊ असतो, बिटाला चिकटतो, म्हणून मधूनमधून चुरा झटक. तार बसवून थोडी बाहेर ठेव, टोकाला ओल्या रंगाचा ठिपका लाव आणि पंख धडावर टेकव. ठिपका उमटेल तिथेच दुसरं भोक. हे नुसत्या नजरेने जुळवायला जाऊ नकोस, हमखास तिरकं होतं.

सांध्याला अरल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद), आणि रात्रभर हात लावायचा नाही. फट दिसली तर एम-सील भर. रंग त्यानंतर.