'सिनुलोग'मध्ये सिंधू नाही

एका वाचकाचा प्रश्न: "फिलिपाइन्सच्या सेबू शहरात जानेवारीत 'सिनुलोग' उत्सव होतो. हा शब्द मूळचा संस्कृत 'सिंधुलोक' असल्याचं ऐकलं, ते खरं का? आणि शहराचं नाव सीबू म्हणायचं की सेबू?"

सिंधुलोकचा सुतराम संबंध नाही. कानाला सारखे लागले म्हणून दोन शब्दांचं नातं जुळवायचं, ही खोड आता पुरे झाली.

सेबुआनो भाषेत 'सुलोग' म्हणजे वाहत्या पाण्याची ओढ. हा नाच दोन पावलं पुढे, एक मागे असा चालतो, पाणी हेलकावत पुढे सरकावं तसा. आजची भव्य मिरवणूक १९८० पासूनची. नाच मात्र फार जुना. सान्तो निन्यो म्हणजे बाळ येशू. त्याच्या चर्चपाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बायका भाविकाच्या वतीने मेणबत्ती हातात घेऊन हीच पावलं टाकतात.

खरी गंमत 'सुलोग'चं 'सिनुलोग' कसं झालं यात आहे. 'इन' हा प्रत्यय शब्दाच्या पुढे नाही, मागेही नाही, थेट पोटात शिरला: स्-इन्-उलोग, म्हणजे 'प्रवाहासारखं केलेलं'. 'बिसाया'च्या पोटात तो शिरला की 'बिनिसाया', बिसाया लोकांच्या, म्हणजे सेबू आणि आसपासच्या बेटांवरच्या लोकांच्या, रीतीचं, म्हणजेच त्यांची बोली. 'सुग्बा' म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, 'सिनुग्बा' म्हणजे भाजलेलं. 'सिनु' आणि 'लोग' असे तुकडे पाडणाऱ्यांनी शब्द भलत्याच सांध्यावर कापला आहे.

हे परकं वाटत असेल तर 'लेप' आणि 'लिंपणे' शेजारी ठेवून पाहा. रोध आणि रुंधणे, सिक्त आणि सिंचन. मधलं अनुनासिक कुठून आलं? धातूच्या पोटातून! पाणिनीने 'रुधादिभ्यः श्नम्' (श्नम् म्हणजे धातूच्या आत शिरणारा 'न') म्हणून रुध्‌च्या गणासाठी वेगळा नियम दिला. 'रुणद्धि'मधला 'ण' त्या श्नम्‌चा. 'लिम्पति', 'सिञ्चति' यांचा नियम निराळा, पण न-कार शिरतो तो आतच. दोन्ही भाषाकुळांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी युक्ती तीच. संस्कृतशी तुलनाच करायची तर ती इथे करा.

आणि उसने संस्कृत शब्द हवे असतील तर तेही तिथे आहेत. १५२१ च्या एप्रिलमध्ये दर्यावर्दी मॅगेलन सेबूला पोचला, तेव्हा तिथला शासक 'राजा' हुमाबोन म्हणवला जात होता. सोबतच्या पिगाफेट्टाने ही उपाधी टिपली आणि स्थानिक शब्दांची यादीही केली. रानातली, डोंगरातली दैवतं म्हणजे 'दिवाता', आपली देवता. माझा सर्वांत लाडका शब्द 'बहांदी', म्हणजे धनसंपत्ती. माझ्या मते तो 'भांड'पासूनच आला, म्हणजे आपल्या भांडाराचा आणि भांडवलाचा सख्खा भाऊ. हे शब्द मलयभाषक व्यापाऱ्यांच्या तोंडून बेटांवर पोचले. त्यासाठी चोळ राजपुत्र बोलावण्याची गरज नाही.

तो राजपुत्र म्हणजे श्री लुमाय. सेबू त्याने वसवलं आणि शत्रूला काही मिळू नये म्हणून वस्त्या जाळल्या, म्हणून गावाचं नाव 'सुग्बो', म्हणजे जळलेलं, असं अनेक जाणकार छातीठोकपणे लिहितात. मला ते मुळीच पटत नाही. एका दंतकथेवर नावाची व्युत्पत्ती उभी करायची आणि त्याच व्युत्पत्तीने दंतकथा सिद्ध करायची, हा कुठला न्याय? 'सुग्बो'चा दुसरा अर्थ आहे उथळ पाण्यातून चालत जाणं. होडी काठाला लागत नाही, माणसं गुडघाभर पाण्यात उतरून किनारा गाठतात. बंदराला हेच नाव शोभतं. सुग्बोचं पिगाफेट्टाने 'झुबू' केलं आणि स्पॅनिशांनी पुढे सेबू. 'सीबू' हा इंग्रजी उच्चार, तो आपण कशाला उचलायचा?

मॅगेलनने हुमाबोनच्या राणीला बाळ येशूची मूर्ती दिली आणि दोनच आठवड्यांत, २७ एप्रिलला, तो समोरच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांकडून मारला गेला. १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पी आला, गावाला आग लागली आणि एका सैनिकाला ती मूर्ती एका घरात पेटीत सुखरूप मिळाली. सिनुलोग नाचतात तो तिच्यासाठी.

त्या गर्दीत 'पित सेन्योर!' असा गजर होतो. त्यात आता कुणी 'पिता' शोधू नये. ते 'सांगपित सा सेन्योर'चं आखूड रूप आहे, 'सांगपित' म्हणजे हाक घालणं आणि 'सेन्योर' म्हणजे प्रभू.