मेलमध्ये प्रश्नचिन्हं दिसतायत? आधी मूळ मेल उघडा

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या तुमच्या सपोर्ट टीमला जपानी ग्राहकांचे मेल कधी नुसती प्रश्नचिन्हं, तर कधी चित्रविचित्र अक्षरं होऊन दिसतात, आणि सपोर्ट सॉफ्टवेअरचा व्हेंडर म्हणतो, फॉन्ट टाका. फॉन्टच्या मागे लागू नका. फॉन्ट नसला की रिकामे चौकोन दिसतात. तुमचं दुखणं एन्कोडिंगचं, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीचं आहे.

चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचला जातोय. मराठीचंही तेच होतं. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं एकक). ते पाश्चात्त्य एन्कोडिंगने उघडलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) पुन्हा पुन्हा येतो, आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा असेल तिथे चक्क येनचं चिन्ह. आमच्या महापेच्या ऑफिसात ते येन बघून कल्याणच्या एका आजोबांची तक्रार जपानी टीमकडे गेली आणि दोन दिवस तिथेच पडून राहिली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र बहुधा सॉफ्टवेअरमध्ये साठवतानाच अक्षरं गेलेली असतात, आणि मग त्या नोंदीतून ती परत मिळत नाहीत. म्हणून मेल सर्व्हरवरची मूळ प्रत अजिबात डिलीट करू नका. तिचा सोर्स, म्हणजे कच्चा मजकूर, उघडून कॅरसेट (तिथे लिहिलेलं एन्कोडिंगचं नाव) बघा. जपानी मेलमध्ये आजही आयएसओ-२०२२-जेपी किंवा शिफ्ट-जेआयएस ही जुनी जपानी एन्कोडिंग सापडतात, आणि सॉफ्टवेअर सगळं यूटीएफ-८ धरून चालत असेल तर घोळ तिथेच होतो.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर अजून एक मेख आहे. त्यातलं जुनं 'यूटीएफ८' ३ बाइटपर्यंतच जातं. मराठी त्यात नीट बसते, त्यामुळे आपल्याला शंकाही येत नाही. पण योशिदा आडनावातल्या 'योशि'चं एक रूप ४ बाइटचं आहे. आमच्याकडे अशा एका बाईंचा मेल त्यांच्या नावापाशीच तुटायचा, पुढची अख्खी तक्रार गायब. स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद होता, म्हणून एररही येत नव्हती. उपाय म्हणजे २०१० मध्ये आलेलं 'यूटीएफ८एमबी४'. ते टेबल, कॉलम आणि कनेक्शन तिन्हीकडे लावायचं. एक जरी राहिलं तरी पाणी तिथूनच मुरतं. बदलाआधी बॅकअप घ्याच.

मग ४ बाइटच्या रूपातलं ते योशिदा आडनाव सब्जेक्टमध्ये आणि मजकुरात दोन्हीकडे घालून बाहेरून एक मेल पाठवा, सॉफ्टवेअरमधून उत्तर द्या, आणि उत्तर पोचल्यावर ते अक्षर नीट आलंय का ते तिकडच्या स्क्रीनवर बघा.