ए आणि बी या मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) असतील तर (एबी) चा ट्रान्सपोज (रो-कॉलमची अदलाबदल) = बी ट्रान्सपोज × ए ट्रान्सपोज, हे आकड्यांऐवजी अक्षरं असलेल्या २×२ मॅट्रिक्स घेऊन दाखवलं तर मार्क का कापले?

कारण प्रश्नात साईझ दिलीच नव्हती ना. माझंही एस.वाय.ला सेम झालं होतं, मी पेपर घेऊन सरांशी भांडायला गेलो आणि गप्प परत आलो 😅 तुम्ही आकडे न घेता अक्षरं घेतलीत म्हणजे सगळ्या २×२ मॅट्रिक्स कव्हर झाल्या हे खरं, पण ३×३ चं काय? छोट्या साईझवर विसंबून चालत नाही, १×१ घेतलं तर एबी = बीए पण 'सिद्ध' होतं!

गंमत म्हणजे आर्थर केली या गणितज्ञाने १८५८ मध्ये हेच केलं होतं, केली-हॅमिल्टन थिअरम (मॅट्रिक्सचं आणखी एक प्रसिद्ध थिअरम) २×२ साठी करून दाखवलं, ३×३ ला तपासलंय म्हणाला आणि पुढचं प्रूफ लिहायची गरज वाटत नाही म्हणून सोडून दिलं. त्याचे मार्क कोण कापणार.

आता प्रूफ. अख्खी मॅट्रिक्स लिहायच्या भानगडीत पडू नका, एकच एन्ट्री पकडा, आय-वी रो आणि जे-वा कॉलम. डाव्या बाजूची ही एन्ट्री म्हणजे एबी ची (जे, आय) एन्ट्री, कारण ट्रान्सपोजमध्ये रो-कॉलमची अदलाबदल होते. ती कशी येते? ए ची जे-वी रो आणि बी चा आय-वा कॉलम घेऊन, म्हणजे ए(जे, के) × बी(के, आय) ची के वर बेरीज. हे आता साधे आकडे आहेत, मॅट्रिक्स नाहीत, त्यामुळे बी आधी लिहिला तरी चालतं (सगळा खेळ या एका ओळीत आहे, पण पोरं नेमकी हीच लिहीत नाहीत). बी(के, आय) म्हणजे बी ट्रान्सपोजची (आय, के) एन्ट्री, ए(जे, के) म्हणजे ए ट्रान्सपोजची (के, जे). बेरीज केली की उजव्या बाजूची (आय, जे) एन्ट्री आलीच. झालं.

क्रम उलटा का, तर ए २×३ आणि बी ३×४ घेऊन बघा. ए ट्रान्सपोज ३×२, बी ट्रान्सपोज ४×३, सरळ क्रमाने गुणाकारच होत नाही, उलट केलं की ४×२ बरोबर बसतं.

आणि हो, के १ पासून ए च्या कॉलमच्या संख्येपर्यंत जातो हे लिहाच, आमच्याकडे त्याचाही अर्धा मार्क कापायचे.