आठवीनंतर खिचडी बंद, पण भूक तर आत्ताच वाढलीय

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं शाळेतल्या गोळ्या, खिचडी आणि तपासणीबद्दलची आहेत म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत. पोषण म्हटलं की आपल्याकडे अंगणवाडीतलं बाळ डोळ्यासमोर येतं, आणि ते बरोबरच आहे, पण १० ते १९ वयाची मुलं-मुली मात्र त्यात मागे पडतात. खरं तर बाळाचं पहिलं वर्ष सोडलं तर शरीर एवढ्या झपाट्याने परत कधी वाढतच नाही.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीला आहे. शाळेत दर सोमवारी निळी गोळी देतात. ती घेतली की तिला मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून ती गोळी दप्तरात ठेवते आणि नंतर फेकून देते. शेजारच्या बाया म्हणतात की असल्या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही. आमच्याकडे रोज बाजरीची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे असतात. मग गोळी कशाला? (एक आई, संगमनेर तालुका)

ताई, आधी ते मूल न राहण्याचं बोलणं डोक्यातून काढून टाका, त्यात काहीही तथ्य नाही. त्या गोळीत फक्त लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, आणि गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते तिच्यातही हेच दोन घटक असतात, प्रमाणसुद्धा सारखंच, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. फरक रंगाचा आणि किती वेळा घ्यायची त्याचा. शाळेतली आठवड्यातून एकदाच.

आता घरच्या जेवणाचं. तुमचं जेवण चांगलंच आहे, ते तसंच चालू ठेवा. पण १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलंय, आणि १०० ग्रॅम बाजरीच्या पिठात असतं साधारण ६-७ मिलिग्रॅम, म्हणजे भाकरी-भाजीवर हा आकडा गाठायचा तर रोज खूप नीट ठरवून खावं लागेल. त्यात धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं थोडंच, आणि वर लगेच चहा प्यायला तर तेही अडतं. एकीकडे उंची वाढतेय, दुसरीकडे दर महिन्याला पाळीत रक्त जातंय. २०१९-२१ च्या नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, निघाला, आणि आधीच्या सर्व्हेत हाच आकडा ५४ होता. म्हणजे गोळ्या वाटायला लागून वर्षं झाली तरी आकडा खाली आला नाही, आणि याचं एक मोठं कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय, गोळी हातात पडते पण पोटात जात नाही.

मळमळ का होते तर बहुतेक वेळा गोळी उपाशीपोटी घेतली जाते. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत गेली, पहिल्याच तासाला गोळी दिली, मग मळमळणारच. सरांना किंवा मॅडमना स्पष्ट सांगा की माझ्या मुलीला डबा खाल्ल्यावर गोळी द्या, नियमही तोच आहे, जेवणानंतर आणि शक्यतो शिक्षकांसमोर. त्या दिवशी डब्यात लिंबाची फोड द्या, पेरू किंवा आवळा द्या, लोह जास्त शोषलं जातं. चहा किमान तासभर आधी-नंतर नको. आणि शौचाला काळं होणं हे लोहाच्या गोळीने होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे मुलींना आधी सांगितलं जात नाही आणि मग त्या एकमेकींत बोलून घाबरतात.

अजून एक, आठवड्याची गोळी ही ॲनिमिया होऊ नये म्हणून आहे. मुलीला धाप लागत असेल, पायऱ्या चढताना छाती धडधडत असेल, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, बघून घ्या. १२ च्या खाली असेल तर रोज गोळी लागते, कमीत कमी तीन महिने, आणि ती डॉक्टर सांगतील तशी. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेत पाचवी ते दहावी एकाच आवारात आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना खिचडी मिळते, नववी-दहावीची पोरं बाजूला उभी राहून बघतात. वस्तीवरून चालत येतात, ऊसतोडीच्या सीझनला आईबाप गावात नसतात, डबा करून देणारं कोणी नसतं. परिपाठाला चक्कर येऊन पडतात. यांना आहार देता येईल का? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

सर, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं, आणि नियमाप्रमाणे उत्तर असं आहे की नाही, सरकारी आहार आठवीपर्यंतच. १९९५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा ती प्राथमिकसाठी होती, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोरडं धान्य नको शिजवलेलं अन्न द्या, मग २००७-०८ पासून सहावी ते आठवी आत आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातसुद्धा शाळेतल्या जेवणाचा हक्क ६ ते १४ वयाला, आठवीपर्यंतच आहे. गंमत नाही सांगत, सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन मिळावं असं हीच योजना सांगते, आणि तेच पोरगं जूनमध्ये नववीत बसलं की त्याच्या वाट्याला शून्य. भूक काय आठवी पास झाली म्हणून कमी होते का? उलट वाढते.

हे करता येत नाही असंही नाही. तामिळनाडू आणि कर्नाटकात दहावीपर्यंतची मुलं शाळेत जेवतात, राज्यं स्वतःचे पैसे घालतात. आपल्याकडे तर अंडं आठवड्यातून एकदा सुरू केलं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधीच बंद केला, मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही. नववी-दहावीच्या वयासाठी केंद्राची किशोरवयीन मुलींची एक योजना आहे, १४ ते १८ वयाच्या मुलींना अंगणवाडीमार्फत आहार मिळतो, पण ती ईशान्येकडची राज्यं सोडली तर आकांक्षित जिल्ह्यांपुरती (केंद्राने मागास म्हणून निवडलेले जिल्हे), म्हणजे महाराष्ट्रात नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. बीड त्यात नाही. आणि मुलगे तर कुठेच नाहीत.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. एक म्हणजे तिथीभोजन. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्न, असल्या निमित्ताने गावातले लोक शाळेला जेवण देतात, त्याला या योजनेत परवानगी आहे, तेव्हा देणाऱ्याला सांगा की दहावीपर्यंत सगळ्यांना वाढायचं. परसबाग असेल तर शेवगा लावा, पण तिच्यावर पोट भरणार नाही हेही खरं. निळी गोळी तुमच्या नववी-दहावीलाही येते, आणि खिचडी नाही, म्हणजे उपाशी पोराला लोहाची गोळी, हे कृपा करून होऊ देऊ नका, त्या दिवशी निदान मूठभर फुटाणे-शेंगदाणे तरी आधी खायला द्या. चक्कर येणाऱ्यांची यादी करा आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, ते पथक १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. आणि ग्रामसभेत ठराव घ्या की दहावीपर्यंत आहार हवा, त्याची प्रत जिल्हा परिषदेला आणि आमदारांना पाठवा. एका गावाच्या ठरावाने योजना बदलत नाही हे मला माहितीये, पण तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे ठराव गेले तर ते फाईलमध्ये दाबून ठेवणं अवघड जातं.

प्रश्न : मुलाला दोन महिन्यांपूर्वीच घरी जंताचं औषध दिलं होतं, आता शाळेत परत दिलं. काही होईल का? (पालक, पालघर)

नाही होणार. शाळेत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी असते, बहुधा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, चावून खायची. त्या दिवशी ताप असेल किंवा मूल आजारी असेल तर फक्त थांबा, बरं झाल्यावर द्या. अनवाणी फिरणाऱ्या मुलांना अंकुशकृमी (हुकवर्म) होतात, ते आतड्यात रक्त पितात, म्हणून लोहाच्या गोळीसोबत जंताची गोळी हवीच. केनियाच्या बुसिया भागात १९९८ पासून शाळांमध्ये जंताची गोळी देऊन बघितली तेव्हा मुलांची गैरहजेरी बरीच कमी झाली होती, त्या अभ्यासाच्या आकड्यांवर नंतर तज्ज्ञांत वाद झाले, पण गोळी सुरक्षित आहे आणि जंत जातात यावर वाद नाही.

प्रश्न : मी अकरावीला आहे. खूप बारीक आहे, लवकर दम लागतो. मित्र म्हणतात पावडर घे. रक्त कमी असणं मुलींचंच असतं ना? घरी बोलायला लाज वाटते. (एक मुलगा, सोलापूर)

अजिबात मुलींचंच नसतं. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या सर्व्हेतच १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ३१ मुलग्यांना ॲनिमिया होता, पण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून तुला तसं वाटतंय. पावडरीवर पैसे घालवू नकोस, कशामुळे दम लागतोय ते आधी कळू दे. अंडी खात असशील तर रोज एक-दोन, नाहीतर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, मटकीची उसळ, दूध, आणि मुख्य म्हणजे सकाळी उपाशी कॉलेजला जाऊ नकोस. उपजिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक कधी असतं ते विचारून जा, ते तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी आहे, तपासणी मोफत आणि तिथे बोललेलं तिथेच राहतं. एचबी तपासायला सांग, १३ च्या खाली असेल तर औषध लिहून घे आणि तीन महिन्यांनी परत तपास. एकट्याने जायला नको वाटत असेल तर एखादा मित्र सोबत ने, त्याचंही तपासून होईल.